मागच्या दाराची गाडी: दुर्मिळ स्टेशन वॅगनविषयी वाचकांचे प्रश्न

टाटा इस्टेट, बलेनो अल्तुरा, इंडिगो मरिना, सिएना वीकेंड, कोर्सा स्विंग, ऑक्टाव्हिया कॉम्बी. स्टेशन वॅगन म्हणजे छत मागपर्यंत लांबवून डिकीच्या जागी वर उघडणारं मागचं दार दिलेली गाडी. भारतात अशा गाड्या मोजक्याच आल्या आणि लवकर बंदही झाल्या. आज त्या सांभाळणाऱ्या किंवा नव्याने शोधणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांमध्ये एक मुद्दा पुन्हा पुन्हा येईल. अशा गाडीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा अर्धा भाग सेडानचा किंवा पिकअपचाच असतो, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. अडतं ते मागच्या सीटच्या पाठीमागे.

१९९५ची टाटा इस्टेट घ्यायचा विचार आहे. इंजिन नुकतंच केलं आहे, असं मालक सांगतात. पाहताना काय तपासावं? (पुणे)

इंजिन केलेलं असेल तर चांगलंच, पण या गाडीची सर्वांत सोपी बाजू तीच आहे. तेव्हाच्या टेल्कोने (आजच्या टाटा मोटर्सने) १९९२ मध्ये इस्टेट आणली ती टाटामोबाइल पिकअपच्या पायावर. त्याआधीच्या वर्षी आलेली सिएराही त्याच घरातली. १९४८ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागच्या चाकांना ताकद, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). हेच इंजिन १९९४च्या सुरुवातीच्या सुमोतही होतं. त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, वॉटर पंप यांसाठी कुणाची मनधरणी करावी लागत नाही, आणि हे इंजिन उघडलेले मिस्त्री तुमच्याच शहरात सापडतील.

म्हणून पाहणी मागून सुरू करा. मागचं दार उघडून त्याची खालची कड आतल्या बाजूने बोटांनी चाचपा. दारात शिरलेलं पाणी तळाच्या भोकांतून निघून जायला हवं. ती भोकं रंगाने किंवा चिखलाने बुजली की पाणी साचतं आणि पत्रा आतून कुजतो. रंगावर फुगे दिसले तर पत्र्याला आतून भोक पडलंच आहे असं धरा. मग एक छोटा लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळून मागच्या चाकांच्या कमानींवर, बाजूच्या पत्र्यांवर आणि दारावर फिरवा. तो जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. एखादी लहान जागा चालते. पण सलग वीतभर पुट्टी असेल तर किमतीत घासाघीस करत बसू नका, गाडी सोडून द्या. त्या जागेचा तयार पत्रा मिळणार नाही, आणि हाताने ठोकून बसवायचा खर्च गाडीच्या किमतीच्या पुढे जाऊ शकतो.

त्यानंतर काचा. मागच्या बाजूच्या लांब काचा, दाराची काच आणि मागच्या दिव्यांच्या लेन्स नीट पाहा. टफन्ड काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही, तिला भोकही पाडता येत नाही. म्हणजे फुटली तर तीच काच शोधावी लागते किंवा साचा करून नवी बनवून घ्यावी लागते. काचेच्या कडेला टवका उडालेला असेल तर ती उद्या खड्ड्यात फुटू शकते. दिव्याची लेन्स तडकली असली तरी पूर्ण असेल, तर ती जपून ठेवा, नवी बनवायची वेळ आली तर साच्यासाठी तीच लागते.

बॉडीतून मागच्या दारात जाणारी वायरिंग बिजागरीपाशी दर वेळी वाकते. वीस-तीस वर्षांत आतली तांब्याची तार तुटते, पण वरचं प्लास्टिक शाबूत राहतं. वायपर चालतो पण नंबरप्लेटचा दिवा लागत नाही, किंवा दार हलवलं की दिवा लागतो, ही त्याची खूण. दुरुस्तीसाठी तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची मऊ वायर घ्या. जोड बिजागरीपासून ८ ते १० सेंमी लांब, न वाकणाऱ्या जागी द्या. जोड वाकणाऱ्या जागीच दिला तर तार पुन्हा तिथेच तुटणार.

गाडी उंच करून चॅसी पाहा. मागच्या एक्सलवर चॅसी जिथे वर वळते ती जागा आणि पाट्यांचे हँगर लहान हातोडीने ठोका. खणखणीत आवाज आला तर पत्रा जाड आहे. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे गळले तर वेल्डिंगचं काम निघणार. नुकतंच ताजं काळं रबर कोटिंग मारलेलं असेल तर संशय घ्या आणि दोन-तीन जागी ते खरवडून पाहायची परवानगी मागा.

इंजिनाची तपासणी थोडक्यात अशी. रात्रभर थंड राहिलेली गाडी सुरू करा. पहिल्या मिनिटातला पांढरा धूर चालेल, पण इंजिन गरम झाल्यावर निळा धूर नको. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचं झाकण उघडा. तिथून जोरात वाफारा येत असेल तर इंजिन केल्याचं सांगणं कागदोपत्रीच आहे.

शेवटी कागद. आरसीवरचा इंजिन आणि चॅसी नंबर प्रत्यक्ष गाडीवर वाचा. १५ वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण झालेलं आहे ना आणि कधीपर्यंत आहे ते पाहा. ते पाच-पाच वर्षांचं असतं, अर्ज फॉर्म २५ मध्ये होतो, आणि ग्रीन टॅक्स वेगळा भरावा लागतो. गाडी दिल्ली परिसरातली असेल तर दुप्पट जपून. तिथे इतक्या जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी असल्याने त्या स्वस्तात निघतात, पण दुसऱ्या राज्यात न्यायची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

इंडिगो मरिनाच्या मागच्या तळाशी दर पावसाळ्यात पाणी साचतं. दाराचं रबर बदललं, तरी तेच. (रत्नागिरी)

रबर बदलून पाणी थांबलं नाही, म्हणजे ते दुसरीकडून येतंय. वॅगनमध्ये पाणी शिरण्याच्या जागा सेडानपेक्षा जास्त असतात आणि पाणी जिथे शिरतं तिथे साचत नाही, ते पत्र्याच्या आतून वाहत सर्वांत खोल जागी जातं. म्हणून अंदाजाने सिलिकॉन फासत बसण्यापेक्षा अर्धा दिवस देऊन जागा शोधा.

मागचा गालिचा, स्टेपनी आणि बाजूची प्लास्टिकची आवरणं काढा. आतला भाग पूर्ण सुकवा. पत्र्याच्या सांध्यांवर आणि दिव्यांच्या खाली टाल्कम पावडर पातळ भुरभुरा, पाणी आलं की त्यात ओघळ उमटतो. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसेल आणि दार बंद करेल. दुसऱ्याने पाइपने साधी धार सोडायची, प्रेशर वॉशर नको, कारण तो पाऊस जिथे पोहोचत नाही तिथेही पाणी घुसवतो. सुरुवात खालून करा: आधी बंपरची रेषा, मग दिवे, मग काचेच्या कडा, शेवटी छत. प्रत्येक जागी किमान पाच मिनिटं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि काहीच कळत नाही.

नेहमीचे संशयित असे: मागच्या दिव्याखालचं फोमचं गॅस्केट, छतावरच्या रेलचे बोल्ट, वायपरच्या दांड्याभोवतीचं रबर, वरच्या ब्रेकलाइटचं गॅस्केट आणि मागच्या वॉशरची नळी. नळी छताच्या अस्तरात निसटलेली असेल तर वॉशर दाबल्यावरच पाणी येतं. तेव्हा कोरड्या दिवशी वॉशर दाबून पाहा. आणखी एक जागा बहुतेक गॅरेजमध्ये लक्षात येत नाही. मागच्या बंपरच्या आड केबिनमधली हवा बाहेर जाण्यासाठी झडपा असतात. त्यांच्या रबरी पापण्या कडक होऊन उघड्या राहिल्या, की चाकांनी उडवलेलं पाणी थेट आत येतं. रस्ता ओला असताना चालवल्यावरच पाणी साचत असेल आणि उभ्या गाडीत साचत नसेल, तर प्रथम तिथे पाहा.

दिवे आणि रेलच्या बोल्टखाली ब्युटाइल टेप वापरा, पत्र्याच्या सांध्यांना पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन अजिबात नको, त्यातून निघणारं आम्ल उघड्या पत्र्याला गंजवतं, आणि एकदा त्याचा थर बसला की पुढे रंगही धरत नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत एवढ्यावर थांबू नका. जागा कोरडी झाल्यावर बाजूच्या पत्र्यांच्या आतल्या पोकळ्यांत मेणाचा स्प्रे लांब नळीने मारा आणि तळाची भोकं पुन्हा मोकळी करा.

नवं रबर बसवलंच आहे, तर त्याची पकडही पाहून घ्या. कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. सहज निसटली तर तिथे दाब कमी आहे, कुलपाचा खिट्टा एक-दोन मिमी आत सरकवा. हा मुद्दा केवळ पाण्यापुरता नाही. धावत्या वॅगनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो. दार नीट बसत नसेल तर तो आत ओढला जातो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. दोरी बांधून दार अर्धवट उघडं ठेवून लांब सामान नेणं याच कारणाने धोक्याचं आहे. नेलंच पाहिजे तर पुढच्या काचा खाली आणि पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा.

माझ्याकडे जुनी सेडान आहे. चांगला बॉडी बिल्डर मिळाला तर ती वॅगन करून घेता येईल का? (कोल्हापूर)

नका करू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे वाचलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी.

कायदा बाजूला ठेवला तरी बांधणीचा प्रश्न उरतोच. सेडानमध्ये मागच्या सीटमागची भिंत आणि काचेखालची फळी मिळून गाडीच्या मागच्या भागाला पिळण्यापासून रोखतात. वॅगन करताना नेमकं तेच कापावं लागतं. कारखान्यात त्याची भरपाई मागच्या दाराभोवती जाड पत्र्याची बंद चौकट करून, छताला आडव्या पट्ट्या देऊन आणि मागची स्प्रिंग बदलून करतात. हाताने बांधलेल्या गाडीत ही चौकट सहसा नसते. मग खड्ड्यात एक चाक गेलं की दार अडकतं, काचेच्या कोपऱ्यात तडे जातात, छताच्या जोडावरचा रंग फुटतो. वॅगन हवी असेल तर कंपनीतून वॅगन म्हणूनच निघालेली शोधा.

ओळखीच्यांकडे अ‍ॅम्बॅसेडरची वॅगन आहे. ती कंपनीची की बाहेरून बांधलेली, कसं ओळखावं? (बेळगाव)

पुढून पाहून काही कळणार नाही. बाहेरच्या कारागिरांनी अ‍ॅम्बॅसेडरवर रुग्णवाहिका आणि शववाहिका मोठ्या संख्येने बांधल्या, आणि त्यांतल्या काही पुढे बाजूच्या काचा बसवून घरगुती झाल्या. आधी आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते वाचा, ते सर्वांत महत्त्वाचं. मग मागच्या दरवाज्याच्या चौकटीवरचं रबर थोडं उचलून पत्र्याची कड पाहा. कारखान्यातल्या जोडावर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डिंगचे गोल खळगे असतात. हाताच्या कामात गॅस वेल्डिंगची सलग, कमीजास्त जाडीची रेघ असते. छताचा मूळ पत्रा जिथे संपतो, म्हणजे साधारण मागच्या सीटच्या दाराच्या वर, तिथे तळहात आडवा फिरवा. जोड असेल तर रंगाखाली लाट लागते. सरकणाऱ्या सपाट काचा आणि कपाटासारख्या बिजागऱ्या याही बाहेरच्या कामाच्या खुणा.

तुलनेसाठी मूळ इंग्रजी गाडी लक्षात ठेवा. अ‍ॅम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वरून आली, तिची ट्रॅव्हलर नावाची वॅगन होती आणि तिच्या मागच्या भागाला लाकडी चौकट होती. त्यानंतरच्या सिरीज ४ च्या ट्रॅव्हलरमध्ये लाकूड जाऊन सगळा पत्रा आला. बाहेरून बांधलेली गाडी असली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. आरसीवर तशी नोंद असेल तर ती त्या काळच्या कारागिरीचा नमुना आहे, आणि आमच्या मते ती परत सेडान करण्याचा हट्ट धरू नये.

बलेनो अल्तुराचं मागचं दार वर राहत नाही. शोरूममध्ये पार्ट बंद असं सांगतात. (नाशिक)

दार उचलून धरणाऱ्या गॅसच्या दांड्या गेल्या आहेत. हा भाग गाडीच्या नावाने शोधू नका, मापाने शोधा. जुन्या दांडीवर न्यूटनमध्ये दाब छापलेला असतो, आकड्यापुढे एन लिहिलेलं दिसेल. तो पुसला गेला असेल तर चार मापं घ्या: पूर्ण उघडी असतानाची लांबी, दोन्ही टोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून, पूर्ण दाबलेली असतानाची लांबी, नळीचा आणि दांडीचा व्यास, आणि टोकाच्या गोळीचा व्यास. लांबी ५ मिमीने जरी जास्त झाली तरी दार बंद होताना बिजागरीवर ताण येतो, म्हणून लांबीत तडजोड नको. दाबात थोडा फरक चालतो, पण दोन्ही बाजूंना सारखाच हवा, नाहीतर दार पिळतं.

बसवताना दार लाकडी दांडक्याने टेकवा आणि एका वेळी एकच बाजू बदला. टोकावरची क्लिप बारीक स्क्रूड्रायव्हरने थोडी उचलली की दांडी निघते, क्लिप पूर्ण काढायची गरज नसते. नवी दांडी अशी लावा की दार बंद असताना बारीक दांडी खाली आणि जाड नळी वर राहील. आतलं थोडंसं तेल मग सीलवर टिकतं आणि सील सुकत नाही. जुन्या दांडीला भोक पाडू नका, कापू नका, आतला वायू मोठ्या दाबाखाली असतो.

बाकी अल्तुरासाठी बलेनो सेडान हाच पार्टचा साठा. १६०० सीसीचं पेट्रोल इंजिन, डॅशबोर्ड, बॉनेट, पुढचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, ब्रेक सगळं तिथून येतं. ही बलेनो म्हणजे १९९९ मध्ये आलेली सेडान. आजच्या त्याच नावाच्या हॅचबॅकचा तिच्याशी संबंध नाही, दुकानात हे आधीच सांगा. एखादी अल्तुरा भंगारात निघाल्याचं कळलं तर मागचं दार काच आणि बिजागऱ्यांसकट, दोन्ही दिवे, सामानावरचा पडदा आणि सीट पाडायच्या खिट्ट्या एवढं लगेच घ्या. हे पुन्हा मिळत नाही.

ऑक्टाव्हिया कॉम्बी १.९ टीडीआय आहे, किलोमीटर कमी. टायमिंग बेल्ट बदलावा का? (छत्रपती संभाजीनगर)

बेल्ट शेवटचा कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर हो, आणि गाडी फार न चालवता. रबराचं वय किलोमीटरने मोजून भागत नाही. पाच-सहा वर्षं झाली की तो बदलायचाच. या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि हेड उतरवावं लागतं. नुसता बेल्ट टाकू नका: टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाक्या) आणि वॉटर पंप त्याच वेळी. वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तो गळायला लागला तर सगळं काम पुन्हा उघडावं लागतं. कॅम आणि डिझेल पंप त्यांच्या खास कुलपी पिनांनी अडकवूनच बेल्ट काढायला सांगा. खडूच्या खुणा करून बसवलेला बेल्ट एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण ओढत नाही आणि काळा धूर टाकते.

तुमच्या शहराशेजारच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जोडली गेलेली ही गाडी आपल्याकडे क्वचित दिसते, पण युरोपात ती घरोघरी होती. म्हणून इथे वर लिहिलेली मागच्या भागाची अडचण तुम्हाला सर्वांत कमी येईल. मागचं दार, काच, दिवे, रबर, सगळं तिकडच्या जुन्या गाड्यांतून निघतं. नातेवाईक तिकडे असतील तर दिवे आणि कुलपासारखे लहान भाग सहज येऊ शकतात. फक्त पार्टचा नंबर जुन्या भागावरून उतरवून द्या.

कोर्सा स्विंग आणि फियाट सिएना वीकेंड, यांपैकी आज कोणती ठेवावी? (सांगली)

वीकेंड. दोन्ही गाड्यांचे भाऊबंद ब्राझीलमध्ये आहेत, त्यामुळे मागचे भाग तिकडून आणावे लागतात, त्यात फरक नाही. फरक पुढच्या भागात आहे. पालिओ आणि सिएना इथे इतक्या विकल्या गेल्या की वीकेंडचं इंजिन, सस्पेन्शन, ब्रेक आजही सांभाळता येतात. कुर्ल्याच्या जुन्या कारखान्यामुळे मुंबईत फियाटचे जाणते मिस्त्रीही अजून आहेत. उंच केलेली, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची अ‍ॅडव्हेंचर ही तिचीच बहीण. स्विंग गाडी वाईट नव्हती, पण ती ज्या नावाने विकली जाई ते जनरल मोटर्सचं ओपल नाव भारतातून गेलं आणि पुढे २०१७ मध्ये जनरल मोटर्सनेही इथली विक्री थांबवली. स्विंग चालू स्थितीत असेल तर रेडिएटर, प्लास्टिकचे पाण्याचे जोड आणि थर्मोस्टॅट आधी बदला. या गाड्या बहुतेक गरम होऊनच मरतात.

भारतात वॅगन चालल्याच का नाहीत? (सोलापूर)

कारण तेवढ्याच पैशांत जास्त माणसं बसणारी गाडी मिळत होती. १९९४ मध्ये सुमो आणि २००० मध्ये क्वालिस आली. आपल्याकडे मोठं घर म्हणजे जास्त सीटा, आणि वॅगन देत होती सामानाची जागा. वर तिची किंमत सेडानपेक्षा जास्त. मग २००६च्या अर्थसंकल्पात ४ मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनांच्या गाड्यांचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. मरिनाचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिन त्या मर्यादेत बसत होतं, पण लांबी बसत नव्हती. त्यानंतर कंपन्यांनी गाडी मागे वाढवण्याऐवजी कापायला घेतली.

आमच्या मते हे नुकसान झालं. वॅगनमध्ये वजन खाली राहतं, ती वळणावर एसयूव्हीसारखी झुकत नाही, आणि सामान कमरेइतकं उचलावं लागत नाही.

जगातल्या सर्वांत दुर्मिळ वॅगन कोणत्या? आणि मोठ्या कंपन्याही त्या इतक्या कमी का बनवतात? (ठाणे)

अ‍ॅस्टन मार्टिन डीबी५ ची वॅगन जवळपास डझनभरच झाली. कंपनीचे मालक डेव्हिड ब्राउन यांना कुत्रा आणि पोलोचं सामान नेता येईल अशी गाडी हवी होती; नंतर हॅरॉल्ड रॅडफर्ड या बॉडी बिल्डरने ती ग्राहकांसाठी बांधली. बीएमडब्ल्यूच्या १९९०च्या दशकातल्या एम५ टूरिंगच्या (बीएमडब्ल्यू आपल्या वॅगनला टूरिंग म्हणते) ८९१ गाड्या निघाल्या. ऑडी आणि पोर्शे यांनी मिळून केलेल्या आरएस२ अवांतच्या तीन हजारांच्या आत. काचेचं अखंड मागचं दार असलेली व्होल्वो १८०० ईएस १९७२-७३ या दोनच वर्षांत ८ हजारांच्या थोडी वर बनली. सोव्हिएत व्होल्गा वॅगन संख्येने कमी नव्हती, पण साध्या नागरिकाला ती सहसा विकत मिळतच नसे, ती टॅक्सी, रुग्णालयं आणि सरकारी खात्यांकडे जाई.

इतक्या कमी का, याचं उत्तर बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या एम३ टूरिंगमध्ये सापडतं. २०००च्या सुमारास तिचा एकच नमुना झाला. एम३ची मागची चाकं रुंद, त्यामुळे चाकाची कमान बाहेर आलेली, आणि साध्या वॅगनच्या मागच्या सीटच्या दरवाज्याची कड नेमकी त्या कमानीत येते. नवा दरवाजा म्हणजे नवे साचे, आणि साच्यांचा खर्च थोड्या गाड्यांवर वसूल होत नाही. साधा दरवाजा नव्या साच्यांशिवाय त्या कमानीला जुळवता येतो हे दाखवण्यासाठीच तो नमुना केला होता. तरी ती गाडी विक्रीला आली नाही. एम३ टूरिंग प्रत्यक्षात आली २०२२ मध्ये.

आम्हाला या सगळ्यांत साब ९५ विशेष आवडते. १९५९ ते १९७८ इतकी वर्षं बनलेली ही छोटी गाडी सात माणसं नेई, शेवटची दोन मागे तोंड करून. छताच्या मागच्या टोकाला हवा खाली वळवणारी पट्टी होती, तिच्यामुळे मागची काच चिखलाने माखत नसे.

अमेरिकेत राहतो. वडिलांची १९९६ची टाटा इस्टेट इथे आणता येईल का? (न्यू जर्सी)

येईल. अमेरिकेत २५ वर्षांहून जुन्या गाडीला तिथले सुरक्षा-नियम लागू होत नाहीत, आणि मूळ स्थितीतल्या २१ वर्षांहून जुन्या गाडीला प्रदूषणाच्या केंद्रीय नियमांतून सूट आहे. वय कारखान्यातून निघालेल्या महिन्यापासून मोजतात, म्हणून उत्पादनाची तारीख दाखवणारा कागद जपा. बंदरावर एचएस-७ फॉर्मवर पहिला पर्याय आणि पर्यावरण खात्याच्या ३५२०-१ फॉर्मवर ई हा पर्याय निवडायचा असतो. ही सूट इंजिन मूळ असेल तरच साधी राहते. दुसरं इंजिन टाकलेलं असेल तर आधी कस्टम्स एजंटशी बोला. सीमाशुल्काचे दर अलीकडे बदलत आहेत, ते जहाज ठरवण्याच्या आठवड्यात पुन्हा विचारा. राज्याची नोंदणी आणि विमा यांचं उत्तर गाडी निघण्यापूर्वी लेखी घ्या.

इथून निघताना गाडीचा तळ वाफेने धुऊन घ्या. चॅसीला परदेशी माती चिकटलेली असेल तर तिथे गाडी अडवतात, आणि इस्टेटच्या मागच्या कमानींच्या आत व पाट्यांच्या थरांत माती हमखास असते. पाटे सुटे करूनच धुवायला सांगा. गाडीत घरगुती सामान किंवा सुटे भाग भरून पाठवू नका, ते वेगळ्या यादीने, वेगळ्या खोक्यात पाठवा. त्या खोक्यात काय असावं, तर मागच्या दिव्यांची एक जोडी, दाराचं रबर, शक्य असेल तर मागची काच, आणि सुमोचं इंजिन गॅस्केट किट. डिझेलचे फिल्टर तिथे मापाने जुळवता येतील, काच जुळवता येणार नाही.